टेराझो म्हणजे आपली मोझॅकच! पण बसवायची कोणत्या पद्धतीने?

पुण्यात डेक्कन, एरंडवण्यातल्या जुन्या इमारतींमध्ये ठिपक्याठिपक्यांची फरशी तुम्ही पाहिलीच असेल. आपण तिला मोझॅक म्हणतो, इंटिरिअरवाले टेराझो. सिमेंटमध्ये संगमरवराची बारीक खडी मिसळायची, घट्ट झालं की मशीनने घासायचं. मग खडीचे रंग वर येतात.

ती बसवण्याच्या मुख्य पद्धती ३:

१. जागेवर ओतलेली: काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्यांनी चौकोन पाडून त्यात मिश्रण ओततात. हवी ती नक्षी करता येते. पण काही दिवस पाणी मारावं लागतं आणि घासताना घरभर चिखल होतो. त्यामुळे राहत्या घरात अवघड.

२. तयार टाइल्स: कारखान्यातून येतात, सिमेंटच्या मालावर बसवून पॉलिश करतात. काम लवकर होतं. एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र सांधे दिसतात.

३. इपॉक्सी: सिमेंटऐवजी रेझिन. थर पातळ, त्यामुळे स्लॅबवर वजन कमी. पण खर्च जास्त, आणि खाली ओल असेल तर थर सुटू शकतो.

बाजारात टेराझोची नुसती छपाई असलेल्या टाइल्सही मिळतात. त्या झिजल्या की घासून नव्या होत नाहीत. खरी मोझॅक होते!

म्हणून घरात जुनी मोझॅक असेल तर फोडण्याआधी पॉलिशवाल्याला दाखवा. फरशी पोकळ वाजत नसेल, तर बहुतेक वेळा घासून पॉलिश करणं पुरतं. आणि ती ॲसिडने कधीच धुऊ नका. संगमरवराची चमक जाते.