मुळांवरचा मावा : कीटकनाशक निवडायचे कसे?

मावा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मोहरीच्या शेंड्यांवर, वालाच्या शेंगांवर, रुईच्या पानांखाली दाटीवाटीने बसलेले हे इवलेसे कीटक शाळेच्या आवारातही सहज सापडतात. पण माव्याच्या काही जाती जमिनीखाली, मुळांवर राहतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या किडीला मारायचे कसे? आणि ती मारताना पीक वापरणाऱ्या माणसाला अपाय होणार नाही, हे पाहायचे कसे? उत्तर अमेरिकेत हा प्रश्न गेली काही वर्षे एका वेगळ्याच पिकाबाबत उभा आहे. ते पीक म्हणजे गांजा.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्यावाचून गांजाची लागवड करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने मात्र २०१२ च्या मतदानाने प्रौढांना त्याच्या वापराची मुभा दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून तेथे दुकानांतून विक्री सुरू झाली. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये देशभर परवानगी दिली. तेथे हे पीक बरेचदा बंद खोल्यांत, विजेच्या दिव्यांखाली, कुंड्यांमध्ये घेतात. या पिकाच्या बऱ्यावाईटाची चर्चा आपल्याला येथे करायची नाही. एक कीटकनाशक निवडताना किती शास्त्रांचा मेळ घालावा लागतो, हे समजून घेण्यास हे उदाहरण फार उपयोगी आहे, म्हणून ते घेतले आहे.

कीड कोणती?

या खोल्यांत आढळणाऱ्या मुळांवरच्या माव्याचे शास्त्रीय नाव ऱ्होपॅलोसायफम रुफिअॅब्डोमिनाले. नावाच्या दुसऱ्या भागाचा अर्थ 'तांबूस पोटाचा'. त्याच्या शरीराचा मागचा भाग तांबूस दिसतो. तो मुळात भाताच्या मुळांवरचा मावा म्हणून ओळखला जातो आणि भारतासह जगाच्या अनेक भागांत गवतवर्गीय पिकांच्या मुळांवर आढळतो.

थंड प्रदेशात हा मावा हिवाळ्यासाठी आलुबुखाराच्या कुळातील झाडांवर अंडी घालतो. पण बंद खोलीत हिवाळा येतच नाही. तेथे सर्व माद्याच असतात आणि त्या नराशिवाय थेट पिलांना जन्म देतात. यालाच अनिषेकजनन म्हणतात. मादीच्या पोटातील पिलाच्या पोटातही पुढच्या पिढीची वाढ सुरू झालेली असते!

याचा परिणाम काय होतो ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. एका मादीला २० पिले झाली आणि ती सर्व जगली, असे मानू. पाचव्या पिढीत एकट्या मादीची संतती २०×२०×२०×२०×२०, म्हणजे ३२ लाख होईल. आता समजा, एका कुंडीत १००० मावे आहेत आणि औषधाने ९९ टक्के मेले. उरले १०. पुढच्या पिढीत ते २०० होतील आणि त्याच्या पुढच्या पिढीत ४०००. म्हणजे दोनच पिढ्यांत आपण पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत! शिवाय वाचलेले मावे त्या औषधाला दाद न देणारे असतील, तर त्यांच्या मुलीही तशाच निपजतात.

त्यातच रोगनिदानाची अडचण आहे. मावा मुळांतील रस शोषतो, त्यामुळे पाने पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. वरून पाहणाऱ्याला वाटते, खत कमी पडले. तो खत वाढवतो आणि कीड वाढतच राहते. गर्दी झाली की पंख असलेले मावे निर्माण होऊन ते दुसऱ्या कुंड्यांकडे जातात.

औषध तेथवर पोचते का?

कीटकनाशकांचे ढोबळ मानाने दोन प्रकार करता येतात. स्पर्शजन्य औषध किडीच्या अंगाला लागावे लागते. आंतरप्रवाही औषध झाडात शिरते आणि रस पिणाऱ्या किडीच्या पोटात जाते. पानांवरच्या माव्यावर फवारणी करता येते. मुळांसाठी मात्र औषधाचे पाणी कुंडीत ओतावे लागते. आपले शेतकरी याला 'आळवणी' म्हणतात.

पायरेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारे स्पर्शजन्य औषध आहे. ते उजेडात लवकर नष्ट होते, हा त्याचा गुण. पण मातीतील सेंद्रिय कणांना ते चिकटून बसते, त्यामुळे मुळांच्या गुंत्यात खोलवर पोचत नाही.

कडुनिंबाच्या बियांतील अॅझाडिरॅक्टिन किडीची भूक मारते आणि कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. ते सावकाश काम करते, म्हणून प्रादुर्भाव थोडा असतानाच उपयोगी.

ब्यूव्हेरिया बॅसियाना ही बुरशी आहे. तिचे बीजाणू किडीच्या अंगावर रुजतात आणि कवच भेदून आत शिरतात. त्यासाठी ओलावा लागतो, आणि बीजाणू किडीपर्यंत पोचावेही लागतात.

इमिडाक्लोप्रिड हे आंतरप्रवाही रसायन किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. आळवणी केली की मुळे ते शोषून घेतात. परिणामाच्या दृष्टीने ते प्रभावी, पण ते मुळांतच थांबत नाही. जलवाहिन्यांतून पानांपर्यंत चढते, मातीत दीर्घकाळ टिकते आणि मधमाश्यांना घातक ठरते. ज्या झाडाची फुलेच वापरायची, तेथे हा मोठाच दोष आहे.

'नैसर्गिक ते निर्धोक' हा समजही येथे सोडून द्यावा लागतो. तंबाखूतील निकोटिन पूर्णपणे नैसर्गिक आहे. एके काळी ते माव्यावर वापरतही असत. पण माणसाला ते तीव्र विष आहे.

धुराचा प्रश्न

भाजीवरचे औषध धुण्याने काही अंशी कमी होते. पोटात गेलेल्या अंशावर यकृत काम करते. गांजा मात्र धूत नाहीत, तो जाळून ओढतात, आणि फुप्फुसांतून पदार्थ थेट रक्तात जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काचेच्या चिलमीतून ओढलेल्या धुरात काही कीटकनाशकांचे ६० ते ७० टक्के अवशेष उतरल्याचे दिसले.

उष्णतेने पदार्थ बदलतो, हीही अडचण आहे. मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक द्राक्षांवर वापरतात, पण ते तापवले असता हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. म्हणजे एखादे औषध खाण्याच्या पिकावर चालते, यावरून ते ओढण्याच्या पिकावर चालेल, असे म्हणता येत नाही. फुलांचा अर्क काढला तर त्यातील अवशेषही दाट होऊ शकतात.

मग सुरक्षित मर्यादा कोण ठरवणार? अमेरिकेत कोणते औषध कोणत्या पिकावर वापरायचे, हे तेथील केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था तपासणी करून ठरवते. पण केंद्रीय कायद्यात गांजा निषिद्ध राहिल्याने ही तपासणीच झाली नाही. राज्यांना आपापल्या याद्या कराव्या लागल्या. २०१५ मध्ये डेन्व्हर शहराने परवानगी नसलेल्या औषधांच्या संशयावरून हजारो झाडे अडकवून ठेवली. त्याच वनस्पतीच्या हेम्प या कायदेशीर, अल्पमादक वाणासाठी डिसेंबर २०१९ मध्ये या संस्थेने १० औषधांना मान्यता दिली. त्यांपैकी ९ जैविक होती.

निवडीचा क्रम

या सर्वांवरून एक क्रम ठरवता येतो. प्रथम किडीची ओळख पक्की करायची, त्यासाठी झाड कुंडीतून काढून मुळे भिंगाने पाहायची. नवी कलमे काही दिवस वेगळी ठेवायची आणि पिवळे चिकट सापळे लावायचे. फार किडलेले झाड नष्ट करायचे. त्यानंतरच औषधाचा विचार, आणि तेथे चार प्रश्न : या पिकावर त्याला परवानगी आहे का? ते किडीपर्यंत पोचेल का? वापराच्या वेळी किती शिल्लक राहील? जळल्यावर त्याचे काय होईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पुढे जायचेच नाही. औषध पुन्हा द्यायचे झाल्यास वेगळ्या रीतीने काम करणारे निवडायचे, म्हणजे दाद न देणाऱ्या माव्यांचे फावत नाही.

कधी कधी उत्तर औषधात नसतेच. एकोणिसाव्या शतकात माव्याच्या नात्यातील फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडून पाहिले गेले. अखेर टिकाऊ उपाय ठरला तो कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलम बांधण्याचा.

वर्गात करण्यासारखे

रुईच्या किंवा कण्हेरीच्या फांदीवरील पिवळा मावा हस्तभिंगाने पाहावा. पिले, कातीचे पांढरे अवशेष, पंख असलेल्या माद्या वेगवेगळ्या मोजाव्यात. रोज त्याच फांदीवरची संख्या नोंदवून आलेख काढावा. आपला २० पिलांचा हिशेब प्रत्यक्षात का उतरत नाही, ते ढालकिडे पाहिल्यावर मुलांच्या लक्षात येईल. कीटकनाशकांचे डबे वर्गात आणू नयेत. लेबलावरील मजकूर शिक्षकांनी दुकानातून उतरवून आणावा. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवतात. त्याखाली कोणत्या पिकांची नावे आहेत आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायला सांगितले आहे, हे मुलांना शोधू द्यावे. ज्या पिकाचे नाव तेथे नाही, त्यावर ते औषध का वापरू नये, याचे उत्तर मग त्यांनाच देता येईल.