हे कशाचं आहे हो?

मागच्या दिवाळीत माझ्या थोरल्या नणंदबाई शिकागोहून आल्या होत्या. त्यांची बॅग उघडली की आमच्याकडे जत्राच भरते. कुणाला चॉकलेटं, कुणाला पर्स, आणि माझ्या लेकीला एक झक्क जॅकेट. तिची कॉलेजची सहल मनालीला जायची होती, म्हणून वन्संनी मुद्दाम आणलेलं. टोपीच्या कडेला मऊ मऊ, करड्या केसांची झालर. लेकीनं ते घालून आरशासमोर चार गिरक्या घेतल्या. मग आतली चिठ्ठी वाचत म्हणाली, ''आत्या, कोयोट म्हणजे काय गं?''

''अगं, तिकडचा कोल्हा,'' वन्सं सहज बोलून गेल्या.

लेकीनं जॅकेट काढून पलंगावर ठेवलं. ''म्हणजे हे खरे केस आहेत?'' खोलीत एकदम शांतता. वन्सं बिचाऱ्या ओशाळल्या. इतक्या लांबून, इतक्या मायेनं आणलेली वस्तू! मी सारवासारव करायला गेले, तर त्या मलाच म्हणाल्या, ''आणि तुझ्या कपाटातली पैठणी कशाची गं? ते किडे उकळतातच ना?''

मला उत्तर देता आलं नाही. पण दिवाळीची गडबड आटोपल्यावर मी हा विषय हाती घेतला. जमेल तेवढं वाचलं आणि वाचताना कितीदा तरी चष्मा काढून ठेवावा लागला.

जॅकेटवरच्या झालरीसाठी कोयोट बहुतेक रानातच पकडतात, लोखंडी सापळा लावून. पाय आत पडला की जबडा मिटतो. जनावर तासन् तास, कधी दिवसभरही तसंच अडकून राहतं. सुटण्यासाठी स्वतःचाच पाय कुरतडणारी जनावरंही असतात. युरोपात पाय पकडणाऱ्या या सापळ्यांवर १९९५पासून बंदी आहे, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ते आजही चालतात.

पण जगातली बरीचशी फर रानातून येत नाही, ती येते पिंजऱ्यांतून. मिंक नावाचा मुंगसासारखा लांबोळका प्राणी असतो. ओढ्याकाठी राहणारा, पोहणारा, एकटा फिरणारा. त्याला तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पायाखाली जमीन नाही, पोहायला पाणी नाही. मग तो त्या वीतभर जागेत दिवसभर तेच ते हेलपाटे घालत राहतो. पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात आणि थंडीची लव दाट झाली की नोव्हेंबर-डिसेंबरात मारली जातात. म्हणजे आयुष्य सहा-सात महिन्यांचं! कातडीला डाग पडू नये म्हणून मिंकना वायूनं गुदमरवतात आणि कोल्ह्यांना विजेचा धक्का देतात. एका लांब कोटाला असे पन्नासेक मिंक लागतात.

मैत्रिणींनो, हे सगळं वाचून मन सुन्न होतं. पण याच्या विरोधात उभं राहण्यातही बायका पुढे होत्या, हे वाचून बरं वाटलं. इंग्लंडमधल्या लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी १९५९मध्ये 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था काढली. त्यांनी नुसती भाषणं दिली नाहीत. नकली फरचे कोट घालून फॅशन शो भरवले. दिसायला तितकंच देखणं, पण जीव न घेता! याच नावाची भारतातली संस्था १९७४मध्ये आपल्या पुण्यात डायना रत्नागर यांनी सुरू केली. आपण बिस्किटाचा पुडा घेताना जो हिरवा ठिपका बघतो ना, तो सक्तीचा व्हावा म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांत ही पुण्याची संस्था होती. पुड्यावर ठिपका आला, पण कपड्यांवर काही नाही. तिथे आपल्यालाच विचारावं लागतं.

इंग्लंडमध्येच १९८०च्या दशकात एक पोस्टर फार गाजलं होतं. एक बाई फरकोट जमिनीवरून ओढत चालली आहे आणि मागे रक्ताचा पट्टा उमटतो आहे. त्या पोस्टरवर कोट घालणाऱ्या बाईलाच अक्कलशून्य ठरवणारा टोमणा होता. खरं सांगू? तो मला पटला नाही. सापळे लावणारे, पिंजरे बांधणारे, नफा मोजणारे बहुतेक पुरुष आणि शिव्या बाईला! पण त्या मोहिमेनं फरची शान उतरवली, हेही तितकंच खरं. ब्रिटननं २०००मध्ये कायदा करून फरची शेती बंद केली. मग ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, नॉर्वे असे एकेक देश त्या वाटेनं गेले. इस्रायलनं २०२१मध्ये धार्मिक वापर वगळून फरच्या विक्रीवरच बंदी घातली. गुची, प्राडासारख्या बड्या कंपन्यांनी फर सोडली. २०१९मध्ये तर इंग्लंडच्या राणीच्या नव्या कपड्यांतही खरी फर वापरणार नाही, असं जाहीर झालं.

कोविडमध्ये या धंद्याचं आणखी एक रूप दिसलं. माणसांकडून मिंकना आणि मिंककडून पुन्हा माणसांना लागण झाली. त्या भीतीनं डेन्मार्कनं नोव्हेंबर २०२०मध्ये देशातले सगळे मिंक मारायचे ठरवले. दीड कोटीहून अधिक जीव! घाईघाईनं पुरलेली प्रेतं पुढे फुगून जमिनीवर आली.

''पण आपल्याकडे फरकोट घालतंय कोण?'' संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हा विषय काढला तेव्हा एक जण हसून म्हणाली. प्रश्न रास्त होता. पण आपला देश यात अगदीच नामानिराळा नाही. अंगठीतून आरपार जाणारी शाल आठवते? ती शहातूश. तिची लोकर तिबेटातल्या चिरू नावाच्या हरणाची. ही लोकर झुडपांना अडकलेली असते, ती वेचून आणतात, असं सांगितलं जायचं. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञानं तिबेटात जाऊन हे खोटं असल्याचं दाखवून दिलं. एका शालीसाठी तीन ते पाच चिरू मारले जातात. आता आपल्याकडे ही शाल बेकायदा आहे. पश्मिना वेगळी बरं का! ती जिवंत बकरीच्या अंगावरून विंचरून काढतात. आणि मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या कातड्यांच्या आयातीवर भारतानं जानेवारी २०१७मध्ये बंदी घातली आहे.

तरीही परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंत, जॅकेटच्या कडेला, पर्सला लटकणाऱ्या गोंड्यात खरे केस असू शकतात. ओळखायचं कसं? केस फुंकरीनं बाजूला करा. बुडाशी विणलेलं कापड दिसलं तर नकली, कातडं दिसलं तर खरं. रेशीम पारखायला आपण दोरा जाळून बघतो ना, तसंच दोन केस उपटून जाळा. केस जळल्याचा वास आला तर खरे. प्लॅस्टिकसारखी गोळी झाली तर नकली. अर्थात, नकली फर म्हणजेही शेवटी प्लॅस्टिकच. तेव्हा हौस म्हणून दर वर्षी नवं घेण्यापेक्षा साधा लोकरीचा स्वेटर काय वाईट?

राहिला पैठणीचा प्रश्न. वन्संचं म्हणणं खोटं नव्हतंच. एका रेशमी साडीसाठी हजारो कोश लागतात आणि धागा अखंड निघावा म्हणून आतल्या जिवासकट ते उकळतात. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचं 'अहिंसा' रेशीमही मिळतं, पण ते महाग आणि चमक कमी. माझ्या आईची पैठणी मी टाकणार नाही, ती लेकीला देईन. नवं रेशीम मात्र आता घ्यायचं नाही, असं ठरवलंय. येत्या लग्नसराईत माझी परीक्षा आहे. जमेल की नाही, बघू.

आणि ते जॅकेट? झालर चेननं लावलेली होती. वन्संनी स्वतःच ती काढली, गुंडाळून आपल्या बॅगेत ठेवली. लेक बिनझालरीचं जॅकेट घालून मनालीला जाऊन आली. मध्यंतरी वन्संचा फोन आला होता. नातीसाठी कोट घ्यायला गेल्या होत्या म्हणे. ''दुकानातल्या मुलीला विचारलं, हे कशाचं आहे? तिलाही माहीत नव्हतं. ती चिठ्ठी शोधायला लागली,'' त्या सांगत होत्या.

''मग?'' मी विचारलं.

''मग काय, दुसरा घेतला.''