मोटारींशिवाय डोंगरवाट: ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज

सायकलवाल्यांनो, अमेरिकेतली ही वाट एकदा तरी कराच! पिट्सबर्ग ते कंबरलंड, साधारण २४० किलोमीटर, अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या गर्द झाडीतून. जुन्या रेल्वेमार्गांवर बांधलेली ही वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून पिट्सबर्गहून येताना इथला चढ पायांना जेमतेम जाणवतो. चाकाखाली चुनखडीची बारीक खडी करकरत राहते. उलट दिशेने, कंबरलंडहून निघालात तर मात्र सुरुवातीचे ३५-४० किलोमीटर सलग चढण; म्हणून मी सगळ्यांना पिट्सबर्गहूनच निघायला सांगते. वाटेतला बिग सॅव्हेज बोगदा जवळपास एक किलोमीटरचा. आत दिवे आहेत, पण गारठाही असतो, जाकीट वरच ठेवा. हिवाळ्यात तो बंद असतो, तेव्हा तारखा आधी बघून घ्या. दम उरला असेल तर कंबरलंडहून पुढे जुन्या कालव्याकाठची वाट थेट वॉशिंग्टनपर्यंत जाते.