वर्डप्रेसमधील स्वयंचलित इमोजी-रूपांतर

वर्डप्रेस या अनुदिनी-लेखनप्रणालीत लेखकाने टंकलेले काही चिन्हसमूह वाचकाला पान दाखवताना आपोआप चेहऱ्यांच्या चित्रांत बदलतात. या क्रियेस स्वयंचलित इमोजी-रूपांतर म्हणतात. गप्पांत ते गोड वाटते. माहितीपर मजकुरात मात्र अर्थ बिघडवते.

उदाहरणार्थ, महाबळेश्वरच्या प्रेक्षणीय स्थळांची यादी घ्यावी. आर्थर सीट, केट्स, विल्सन, लॉडविक अशी नावे क्रमाने देताना आठव्या स्थळाआधी '8)' टंकले, की जुन्या आवृत्त्यांत क्रमांक नाहीसा होऊन तेथे काळा चष्मा लावलेला चेहरा उमटे. हा संकेत साध्या मजकुराला वारंवार बाधतो म्हणून पुढे वगळण्यात आला. देवनागरी '८' वापरणाऱ्यांना हा त्रास कधीच नव्हता, कारण संगणकाच्या लेखी ते निराळे अक्षर आहे.

अपूर्णविरामाचा प्रश्न मात्र उरतो. मराठीत अपूर्णविरामाआधी जागा सोडण्याची सवय आहे. त्यामुळे '(स्थळ :)' असे लिहिल्यास कंस गिळून हसरा चेहरा प्रकटतो. '(विशेषत:)' मात्र वाचते, कारण वर्डप्रेस केवळ मोकळ्या जागेनंतरचा किंवा ओळीच्या आरंभीचा संकेत बदलते. तरीही विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकणे चूकच. युनिकोडमध्ये विसर्गाला स्वतंत्र स्थान आहे.

बंद करताना दोन यंत्रणांत गल्लत होते. पहिली, वर सांगितलेली, विरामचिन्हांचे इमोजी करणारी. जुन्या संकेतस्थळांवर सेटिंग्जच्या लेखन विभागात तिच्यासाठी खूण करण्याची चौकट असते. ऑगस्ट २०१५ मधील ४.३ आवृत्तीपासून नव्याने उभारलेल्या स्थळांवर ती दिसत नाही. तेथे थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये एका ओळीची आज्ञा घालावी लागते. दुसरी यंत्रणा एप्रिल २०१५ च्या ४.२ आवृत्तीत आली. वाचकाच्या ब्राउझरला एखादा इमोजी दाखवता येत नसेल, तर ती वर्डप्रेसच्या सर्व्हरवरून त्याचे चित्र आणते. त्यासाठीची तपासणी-संहिता, पानावर एकही इमोजी नसला तरी, प्रत्येक पानासोबत जाते. पहिली थांबवल्याने ही थांबत नाही. हिच्यासाठी 'डिसेबल इमोजीज' हे प्लगइन वापरता येते.

रूपांतर केवळ दाखवताना होते, साठवलेला मजकूर अबाधित राहतो. त्यामुळे पहिली यंत्रणा बंद करताच जुन्या लेखांतील हरवलेले कंसही परत दिसू लागतात. एखाद्याच ठिकाणी अडचण असेल, तर तो भाग 'कोड' या खुणेत ठेवावा. त्यातील मजकुराला रूपांतर स्पर्श करत नाही.