फुकट चाचणीची किंमत

शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते. औषधे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली आणि २०१७ पासून तर लागण आढळताच, प्रतिकारशक्ती खालावण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. असे असताना माणसे तपासणीला का येत नाहीत? अज्ञान आणि लज्जा ही नेहमीची उत्तरे खोटी नाहीत. पण अपुरी आहेत.

डोंबिवलीचा कारकून पहाटे घर सोडतो आणि दिवेलागणीनंतर परततो. केंद्रे मात्र बहुधा बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेतच उघडी असतात. भिवंडीच्या यंत्रमागावरील कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय संसर्गानंतरचे काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही. म्हणून शंका असल्यास पुन्हा यावे लागते. म्हणजे खाडे दोन. ज्या वस्तूसाठी दोन दिवसांची कमाई मोजावी लागते, तिला फुकट म्हणणे हे हिशेबाच्या वहीपुरतेच खरे.

याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. गरोदर स्त्रीची तपासणी प्रसूतिपूर्व नोंदणीतच होते. त्यामुळे पुष्कळ घरांत लागण प्रथम तिच्या रक्तात सापडते, आणि ज्याने ती घरात आणली तो मागे राहून दोष तिच्या माथी येतो. नवऱ्याची तपासणी वर्षभर आधी झाली असती, तर नियमित उपचारांनी त्याच्या रक्तातील विषाणू दबून तिला बाधा पोहोचलीच नसती.

नोकरीची भीती हा दुसरा खर्च. काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीच्या कारणावरून काम नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिला. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून चाचणी आणि भेदभाव यांस त्याने मनाई केली, गोपनीयतेची हमी दिली. पण अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते, आणि तेथे खोटे लिहिण्यापेक्षा कित्येक जण तपासणीच टाळतात.

तेव्हा ठाणे, डोंबिवली व कल्याण या स्थानकांलगत रात्री नऊपर्यंत आणि रविवारी चालणारी केंद्रे हवीत. ठाण्याच्या माणसाने कल्याणला आणि कल्याणच्या माणसाने ठाण्याला उतरून तपासून घ्यावे; ओळखीचा चेहरा भेटण्याचे भय तेवढे तरी कमी. घरच्या घरी करावयाच्या चाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच केली आहे. तीत दोष दिसल्यास केंद्रात खातरजमा करावी लागते, एवढेच. जादा पाळीतील एका तंत्रज्ञाचा व एका समुपदेशकाचा पगार हा त्यावरील खर्च. एका रुग्णाची औषधे शासनाला जन्मभर पुरवावी लागतात. पालिकांच्या अंदाजपत्रकांत हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावयास हरकत नाही.