तळहातावरचा जीव आणि रात्रिभोजन

कमठाण्याची पार्श्वनाथ बसदी आपल्या समाजास सुपरिचित आहे. परंतु २००४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय जवळच बीदरला आहे, हे किती पेढ्यांवर ठाऊक असेल? हल्ली आपल्या घरांतून पॉमेरेनियन, चिहुआहुआ अशी चिमुकली पिल्ले हौसेने आणली जातात, म्हणून हा प्रपंच.

अशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अत्यल्प असतो. काही तास उपास घडला की ते मलूल होते, लटपटते, झटके येऊन दगावतेही. सूर्यास्तानंतर चूल न पेटविणाऱ्या घरी हा धोका अधिक. व्रत आपले आहे, पिल्लाचे नव्हे. तत्त्वार्थसूत्राने तर अन्नपाननिरोध हा अहिंसाव्रताचा अतिचारच गणला आहे. दर तीन-चार तासांनी, निजतेवेळीही, त्यास थोडे खाऊ घालावे. ग्लानी आल्यास साखरेचे पाणी हिरड्यांना चोळून (मधावाचून काही अडत नाही) तत्काळ पशुवैद्य गाठावा. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू पोसत नाही, उलट हगवण लागते.

जंतनाशक देताना कित्येक श्रावक कचरतात. पण हे गोलकृमी मातेच्या उदरातूनच येतात, पिल्लाचा प्राण घेतात आणि घरच्या बालकांनाही बाधतात. औषध दुसऱ्या आठवड्यापासून देतात. सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्यापर्यंत लसी, तीन महिन्यांनंतर रेबीजची. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू घेऊच नये. औषधाची मात्रा वजनावर ठरते; तराजू आपल्या घरी आहेच, रोजचे वजन वहीत टिपावे.