व्यूहात्मक मतदान : पसंती आणि हिशेब

'मत वाया घालवू नका' हा सल्ला तुम्ही निवडणुकीच्या काळात अनेकदा ऐकला असेल. सर्वांत जवळचा वाटणारा उमेदवार बाजूला ठेवून, जिंकण्याची शक्यता अधिक असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला मत देणे, यास 'व्यूहात्मक मतदान' असे म्हणतात. असे मतदान म्हणजे तत्त्वांशी प्रतारणा होय काय? अमेरिकेतील एका उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

भारतात पक्षाचा उमेदवार सामान्यतः पक्षनेतृत्व ठरवते. अमेरिकेत हा निर्णय प्राथमिक निवडणुकांत, म्हणजे 'प्रायमरी'त, मतदारच घेतात. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुरोगामी मतदारांपुढे बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरन असे दोन प्रमुख पर्याय होते. सँडर्स स्वतःला 'लोकशाही समाजवादी' म्हणवीत. त्यामुळे अंतिम लढतीत ते टिकतील काय, अशी शंका अनेकांना होती. वॉरन यांनी अतिश्रीमंतांवरील संपत्तिकराची तपशीलवार योजना मांडली होती. परंतु सर्वांसाठीचा शासकीय आरोग्यविमा टप्प्याटप्प्याने आणण्याची भूमिका त्यांनी घेतल्याने काही समर्थक नाराज झाले. दोघांतही उणिवा होत्या. मत मात्र एकच होते.

३ मार्च रोजी १४ राज्यांत मतदान झाले. त्याआधीच पीट बुटिजिज व एमी क्लोबुशार या मध्यममार्गी उमेदवारांनी माघार घेऊन जो बायडन यांना पाठिंबा दिला. वॉरन यांच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात बायडन यांना सुमारे ३३, सँडर्स यांना २७ आणि वॉरन यांना २१ टक्के मते मिळाली. 'दोन पुरोगाम्यांची बेरीज ४८. म्हणजे फाटाफुटीनेच घात केला', असे आपल्याला सहज वाटेल. परंतु येथे थांबून विचार केला पाहिजे.

पहिली गोष्ट, वॉरन यांच्या प्रत्येक मतदाराची दुसरी पसंती सँडर्स हीच होती, असे नाही. काहींचा कल बायडन यांच्याकडेही होता. दुसरी गोष्ट नियमाची. या पक्षात किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवारांना मतांच्या प्रमाणात अधिवेशनातील प्रतिनिधी मिळतात. म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये वॉरन यांची मते वाया गेली नाहीत. टेक्सासमध्ये मात्र त्यांना सुमारे ११ टक्के मते मिळाली आणि राज्यपातळीवरील प्रतिनिधींत त्यांना वाटा मिळाला नाही. मतदाराची निष्ठा दोन्हीकडे सारखीच होती. फळ वेगळे मिळाले.

वॉरन यांनी ५ मार्चला आणि सँडर्स यांनी ८ एप्रिलला माघार घेतली. तथापि, मार्चमध्येच बायडन यांनी दिवाळखोरी कायद्याविषयीची वॉरन यांची योजना स्वीकारली. पराभूत उमेदवारामागे उभ्या राहिलेल्या मतदारांकडे विजेत्याला पूर्णतः पाठ फिरवता येत नाही, हे यावरून लक्षात येते.

सारांश, व्यूहात्मक मतदान ही प्रतारणा नव्हे. मात्र मतमोजणीचा नियम न पाहता केलेला हिशेब फसवा ठरतो. शिवाय 'हा उमेदवार निवडून येणार नाही' असे मानून सर्वांनीच त्याला सोडले, तर तो अंदाज केवळ त्या समजुतीमुळेच खरा ठरतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपल्या विधानसभा मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार विजयी होतो. अशा पद्धतीत मॅसॅच्युसेट्समधील वॉरन-समर्थकाचा हिशेब कसा बदलला असता, ते पाच-सहा ओळींत लिहा.